डोळ्यांचा दाब उतरवणारे दुहेरी औषधाचे थेंब: नव्याने सुरू करताना

डोळ्यांचा दाब जास्त निघाला, आधी एका औषधाचे थेंब सुरू झाले, त्यांनी दाब हवा तेवढा उतरला नाही आणि आता चिठ्ठीवर दोन औषधं एकत्र असलेली बाटली आली आहे. बहुतेकांची गाडी या थेंबांपर्यंत अशीच पोचते. बाटली बोटभर, थेंब क्षणात पडून जातो, डोळा दुखत नाही आणि दिसायलाही सगळं ठीक असतं. म्हणून हे औषध किरकोळ वाटू लागतं. ते किरकोळ नाही. बाटली एक असली तरी आत दोन औषधं आहेत आणि दोघांचे स्वभाव वेगळे आहेत. शिवाय डोळ्यात टाकलेलं औषध डोळ्यातच थांबत नाही, ते नाकात उतरून रक्तात मिसळतं. एवढं ध्यानात ठेवलं की पुढच्या बहुतेक सूचना का दिल्या आहेत ते कळेल.

कोणतं औषध घ्यायचं हे नेत्रतज्ज्ञच ठरवतील. त्यांनी लिहून दिलेली बाटली नीट आणि सुरक्षितपणे कशी वापरायची, एवढंच इथे सांगायचं आहे.

दाब म्हणजे काय, आणि तो उतरवायचा कशासाठी

डोळ्याच्या पुढच्या भागात पाण्यासारखा एक द्रव सतत तयार होतो आणि बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून बाहेर जातो. हा द्रव म्हणजे अश्रू नव्हेत, तो डोळ्याच्या आतला. नळ चालू आणि मोरी अर्धी तुंबलेली असेल तर पाणी साचणारच. जाळीतून निचरा मंदावला की डोळ्यात तसंच होतं आणि दाब वाढतो. साधारण १० ते २१ मिमी पारा हा दाब नेहमीचा धरतात. मात्र २१ च्या आत दाब असूनही काहींच्या दृष्टीच्या मज्जातंतूची हानी होते, आणि २१ च्या वर असूनही काहींना बराच काळ काही होत नाही. म्हणूनच डॉक्टर प्रत्येकासाठी वेगळा आकडा ठरवतात. तुमचा आकडा कोणता, हे त्यांना विचारा आणि लिहून ठेवा. शेजारच्याचा दाब किती आहे, याचा तुम्हाला काही उपयोग नाही.

दृष्टीच्या मज्जातंतूची हानी होत गेली की काचबिंदू होतो. आधी कडेची नजर जाते, समोरचं बराच काळ स्पष्ट दिसत राहतं. त्यामुळे माणसाला पत्ताच लागत नाही. गेलेली नजर थेंबांनी परत येत नाही, थेंब फक्त उरलेली राखतात. पण ते राखतात, हे पक्कं आहे. दाब जास्त पण काचबिंदू अजून झालेला नाही अशा लोकांवर अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला, ऑक्युलर हायपरटेन्शन ट्रीटमेंट स्टडी. २००२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. पाच वर्षांत उपचार न घेतलेल्या गटात ९.५ टक्के लोकांमध्ये काचबिंदूची सुरुवात दिसली, थेंब घेणाऱ्यांत ४.४ टक्के. थेंब टाकून डोळ्याला काही फरक जाणवत नाही, म्हणून ते सोडून द्यावेसे वाटतात. त्या वेळी हे दोन आकडे आठवा.

बाटलीवरची दोन नावं वाचा

घरी आल्यावर बाटली हातात घ्या आणि कंपनीने दिलेल्या मोठ्या नावाखाली बारीक अक्षरांत छापलेली औषधांची नावं शोधा. ती दोन असतील. नीट दिसत नसतील तर कोणाकडून तरी वाचून घ्या, पण वाचाच.

बऱ्याच बाटल्यांत एक नाव टिमोलॉल असतं. हे डोळ्यात द्रव तयार होणं कमी करतं. हृदयविकारासाठी आणि रक्तदाबासाठी ज्या बीटा-ब्लॉकर गोळ्या दिल्या जातात, त्याच कुळातलं हे औषध. म्हणून ते श्वासनलिका आवळू शकतं आणि नाडी मंद करू शकतं. या सगळ्या थेंबांत मला सर्वांत जास्त काळजी टिमोलॉलची वाटते. ते वाईट औषध आहे म्हणून नव्हे. डोळ्याच्या थेंबाने दम लागू शकतो, हे कोणाच्या ध्यानीमनी नसतं म्हणून.

त्याच्या जोडीला डॉर्झोलामाइड किंवा ब्रिंझोलामाइड असू शकतं. हीसुद्धा द्रवाची निर्मिती घटवतात, पण वेगळ्या मार्गाने. ती सल्फा गटाशी नातं सांगणारी औषधं आहेत. ब्रिमोनिडिन असेल तर ते निर्मिती घटवतं आणि निचरा थोडा वाढवतं. लॅटानोप्रॉस्ट, ट्रॅव्होप्रॉस्ट, बिमॅटोप्रॉस्ट ही एका गटातली भावंडं. ती निचरा वाढवतात आणि सहसा दिवसातून एकदाच टाकायची असतात. टिमोलॉल नसलेल्या जोड्याही आहेत. ब्रिंझोलामाइड आणि ब्रिमोनिडिन ही त्यातली एक, नेटारसुडिल आणि लॅटानोप्रॉस्ट ही दुसरी. टिमोलॉल ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी या जोड्यांचा विचार होतो.

एकाच बाटलीत दोन औषधं घालण्यामागे साधं गणित आहे. दोन बाटल्या असतील तर मध्ये थांबावं लागतं, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन नेतो. बाटल्यांमधल्या जंतुरोधक रसायनाचा माराही डोळ्यावर दुप्पट होतो. आणि बाटल्या जितक्या जास्त, तितका एखादा थेंब विसरण्याचा संभव जास्त. एकत्र बाटलीने हे तिन्ही प्रश्न हलके होतात.

तिचा एक तोटाही आहे. दोघांपैकी एक औषध सोसलं नाही तर तेवढंच बंद करता येत नाही, पूर्ण बाटली बदलावी लागते. आणि एक धोका तर अगदी हटकून दिसतो: जुनी टिमोलॉलची बाटली घरात असते, नवी दुहेरी बाटली येते, आणि दोन्ही चालू राहतात. म्हणजे टिमोलॉलचा दुप्पट डोस. नवी बाटली मिळाली की जुन्या सगळ्या बाटल्या डॉक्टरांसमोर ठेवा आणि प्रत्येकीकडे बोट दाखवून विचारा, "ही चालू ठेवायची की बंद?"

पहिला थेंब टाकण्याआधी डॉक्टरांना सांगायच्या गोष्टी

दमा आहे का, किंवा लहानपणी कधी होता का? फुप्फुसांचा जुनाट विकार, धाप लागणं, नाडी मुळातच मंद असणं, हृदयाच्या ठोक्यांत अडथळा, हृदय कमकुवत असणं, यांपैकी काहीही असेल तर ते आवर्जून सांगा, कोणी विचारो वा न विचारो. डोळ्यांच्या डॉक्टरांना दम्याचं काय करायचंय, असं मनात येईल. त्यांना ते कळलंच पाहिजे, कारण दमा असलेल्यांना टिमोलॉल द्यायचं नसतं.

मधुमेह असेल तर वेगळीच अडचण आहे. साखर एकदम उतरली की छाती धडधडते, हात कापतात, आणि त्यावरून आपण सावध होतो. टिमोलॉल ही धडधड आणि थरथर दाबून टाकू शकतं. घाम मात्र येतो. तेव्हा एकाएकी घाम फुटला तर धडधड होण्याची वाट न पाहता साखर तपासा.

रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची यादी बरोबर न्या. विशेषतः बीटा-ब्लॉकर, व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम. टिमोलॉलबरोबर त्यांचा परिणाम एकमेकांत भर घालतो. नैराश्यावरची जुन्या प्रकारची काही औषधं ब्रिमोनिडिनबरोबर चालत नाहीत, म्हणून तीही सांगा. सल्फाची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा आजार, गर्भारपण, अंगावर पाजणं, हेही सांगायचंच. पुढे कधी शस्त्रक्रिया ठरली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या औषधांच्या यादीत हे थेंब आलेच पाहिजेत. "कोणती औषधं चालू आहेत?" या प्रश्नाला आपण गोळ्या मोजून दाखवतो आणि थेंब विसरतो.

आणि स्टेरॉइड. नाकातला फवारा, श्वासातून घ्यायचं औषध, पापण्यांना लावायचं मलम, डोळे लाल झाले म्हणून पूर्वी कधी मिळालेले थेंब, यांतलं स्टेरॉइड काहींचा दाब वाढवतं. एकीकडे दाब उतरवायचा आणि दुसरीकडे नकळत चढवायचा, असं होऊ देऊ नका. मात्र दम्यासाठी घेत असलेलं श्वासाचं औषध स्वतःच्या मनाने थांबवू नका, ते फक्त डॉक्टरांच्या कानावर घाला.

थेंब टाकायचा कसा

औषध कितीही चांगलं असलं तरी ते गालावर ओघळलं तर उपयोग शून्य. म्हणून या भागावर वेळ घालवा. शक्य असेल तर पहिल्यांदा दवाखान्यात कोणासमोर तरी थेंब टाकून दाखवा.

सुरुवात हात साबणाने धुऊन, कोरडे पुसून. मग बाटलीवरचं नाव वाचायचं, रोज वाचायचं. डोळ्यात जायच्या आणि न जायच्या लहान बाटल्या दिसायला सारख्या असतात, त्यामुळे झाकणाच्या रंगावर विसंबू नका. थेंब एका डोळ्यासाठी की दोन्ही, हे चिठ्ठीवर पाहा. बाटलीत ब्रिंझोलामाइड असेल तर ती चांगली हलवा, कारण औषधाचे कण तळाशी बसतात. न हलवता टाकलं तर नुसतं पाणीच डोळ्यात जाईल, औषध कमी.

कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर आधी काढा. बऱ्याच थेंबांत बेंझाल्कोनियम क्लोराइड हे जंतुरोधक असतं, ते मऊ लेन्समध्ये शोषलं जातं. थेंबानंतर १५ मिनिटांनी लेन्स परत घालता येते.

आता बसा किंवा सरळ आडवे व्हा. मान मागे टाका, नजर छताकडे. एका हाताच्या बोटाने खालची पापणी हलकेच खाली ओढा म्हणजे पापणी आणि डोळा यांच्यामध्ये छोटा खळगा होईल. थेंब बुबुळावर नाही, या खळग्यात टाकायचा. दुसऱ्या हातातली बाटली डोळ्याच्या वर साधारण बोटभर अंतरावर उलटी धरा आणि एक थेंब सोडा. बाटलीचं टोक डोळ्याला, पापणीला, बोटाला कशालाच लागता कामा नये. लागलं तर जंतू बाटलीत जातात आणि तीच बाटली रोज डोळ्यात रिकामी होत राहते.

हात कापत असेल तर बाटलीचा हात कपाळावर टेकवा, किंवा पापणी ओढणाऱ्या हाताच्या बोटांवर टेकवा. टेकू मिळाला की थरथर बरीच आवरते. तरीही जमत नसेल तर आडवं पडून डोळे मिटा, नाकाजवळच्या आतल्या कोपऱ्यात थेंब टाका आणि मग डोळा उघडा, थेंब आत ओघळतो. आधी पापणी आणि कोपरा स्वच्छ हवा. थेंब टाकायला मदत करणारी प्लास्टिकची साधनंही मिळतात. सांधे आखडल्यामुळे बाटली दाबता येत नाही अशांना त्यांचा खरोखर फायदा होतो. घरातल्या कोणी थेंब टाकून दिला तर त्यात कमीपणा नाही.

एकच थेंब. डोळ्यात एका वेळी साधारण ३० मायक्रोलिटर द्रव मावतो आणि बाटलीतून पडणारा एक थेंब सहसा तेवढा किंवा त्याहून मोठाच असतो. दुसरा थेंब म्हणजे औषधाची जास्तीची ताकद नव्हे. तो गालावर जातो, नाहीतर नाकात. पहिला थेंब डोळ्यात पडलाच नाही याची खात्री असेल तरच दुसरा टाका. पडला की नाही हे कळत नसेल तर डॉक्टरांच्या परवानगीने बाटली फ्रिजमध्ये ठेवून पाहा. गार थेंब डोळ्याला जाणवतो. बाटली गोठवायची मात्र नाही.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाची तीच आहे. डोळा हलकेच मिटा. घट्ट आवळू नका, भराभर पापण्या मिचकावू नका, दोन्हीने औषध बाहेर पंप होतं. मग नाकाशेजारी, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर, बोटाने बेताचा दाब द्या आणि किमान दोन मिनिटं तसंच राहा. तिथे अश्रू नाकात नेणारी नळी सुरू होते. ती दाबून धरली की औषध डोळ्यात जास्त वेळ राहतं आणि रक्तात कमी जातं. गिळलेल्या गोळीचा काही भाग यकृतातून जाताना निकामी होतो, पण नाकाच्या आतल्या त्वचेतून शोषलेल्या टिमोलॉलला ही गाळणी लागत नाही, ते थेट रक्तात पोचतं. म्हणून दोन मिनिटांचा हा दाब म्हणजे फुप्फुसांचं आणि हृदयाचं रक्षणच. थेंबानंतर घशात कडू चव येत असेल तर औषध नाकातून खाली उतरलं आहे. बोटाची जागा थोडी बदलून पाहा.

शेवटी पापणीवर आणि गालावर उतरलेलं औषध स्वच्छ कागदाने टिपून घ्या, हात पुन्हा धुवा. दुसरे कोणते थेंबही चालू असतील तर मध्ये किमान पाच मिनिटं जाऊ द्या. जेल किंवा मलम असेल तर ते सगळ्यांत शेवटी.

वेळा आणि विसरलेला डोस

दिवसातून दोनदा सांगितलं असेल तर साधारण १२ तासांच्या अंतराने. सकाळचा थेंब दात घासण्याशी आणि रात्रीचा अंथरुणावर जाण्याशी बांधून टाकला की सवय लागते. मोबाइलचा गजरही चालेल. लॅटानोप्रॉस्टच्या गटातली जोडी सहसा एकदाच असते. "दोनदा टाकलं तर दाब जास्त उतरेल" असं मानून वाढवू नका, या गटाचं औषध जास्त वेळा टाकल्याने त्याचा परिणाम उलट कमी होऊ शकतो.

डोस राहून गेला आणि लवकर आठवलं तर टाका. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर राहिलेला सोडून द्या आणि नेहमीचा एकच थेंब टाका. भरपाई म्हणून दोन थेंब कधीच नाहीत. काही डोस हुकले असतील तर पुढच्या भेटीत खरं सांगा. औषध रोज घेत असूनही दाब चढलाय असा डॉक्टरांचा समज झाला, तर ते औषध वाढवतील किंवा शस्त्रक्रियेचा विचार करतील, आणि त्याची कदाचित गरजही नसेल.

काय सोसायचं, कशासाठी फोन करायचा, कशासाठी धावायचं

थोडी चुरचुर, काही मिनिटं धूसर दिसणं, किंचित लाली, डॉर्झोलामाइडने तोंड कडवट होणं, हे नेहमीचं आहे. धूसरपणा जाईपर्यंत वाहन चालवू नका. लॅटानोप्रॉस्टच्या गटाने पापण्यांचे केस लांब आणि दाट होतात, डोळ्याभोवतीची त्वचा काळसर पडू शकते, आणि बुबुळाचा रंग गडद होऊ शकतो. रंगातला हा बदल सहसा कायमचा असतो. एकाच डोळ्यात थेंब चालू असतील तर दोन डोळ्यांतला फरक लोकांच्या लक्षात येतो, म्हणून आधी माहीत असलेलं बरं. ब्रिमोनिडिनने तोंड कोरडं पडतं आणि सुस्ती येते. त्याची ॲलर्जी कित्येक महिन्यांनीही उपटू शकते, त्यामुळे "इतके दिवस तर चाललं होतं" म्हणून औषधाला निर्दोष ठरवू नका.

लाली वाढत चालली, पापण्या सुजल्या, सतत खाज सुटली, चिकट पू आला, नाडी मंद वाटू लागली, मरगळ किंवा उदासी आली, तर एक-दोन दिवसांत डॉक्टरांशी बोला. बाटली आपल्या मनाने बंद करू नका. काय करायचं ते त्यांना विचारून ठरवा.

धाप लागली, छातीत घरघर झाली, चक्कर येऊन पडायला झालं, किंवा तोंड, ओठ सुजले, तर पुढचा थेंब टाकू नका आणि ताबडतोब तातडीची मदत घ्या. बाटली बरोबर घ्या. डोळ्यात एकाएकी जोराची कळ, लाली, दिव्यांभोवती रंगीत कडी दिसणं, मळमळ किंवा उलटी, नजर धूसर, असं सगळं एकत्र आलं तर दाब झपाट्याने चढलेला असू शकतो. तेव्हा सकाळपर्यंत थांबायचं नाही.

लहान मुलांच्या बाबतीत मी जरा कडक बोलणार आहे. ब्रिमोनिडिन दोन वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत, कारण त्याने त्यांचा श्वास मंदावू शकतो. मुलाने ही बाटली तोंडात घातली तर काही होईल का, याची वाट पाहत बसू नका, लगेच दवाखान्यात न्या. बाटली कायम हाताला न लागेल अशा उंचीवर, बंद कपाटात.

बाटली सांभाळताना

उघडल्याच दिवशी बाटलीवर तारीख लिहा. बऱ्याच बाटल्या उघडल्यापासून चार आठवड्यांनी टाकून द्यायच्या असतात, आत औषध उरलेलं असलं तरी. नेमकी मुदत आणि ठेवायचं तापमान वेष्टणावर छापलेलं असतं. लॅटानोप्रॉस्ट असलेल्या बऱ्याच बाटल्या न उघडलेल्या असताना फ्रिजमध्ये ठेवायच्या असतात. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत कोणतीही बाटली ठेवू नका. बाटली संपण्याआधीच दुसरी आणून ठेवा, आणि प्रवासाला जाताना ती हातातल्या पिशवीत असू द्या. आपली बाटली दुसऱ्या कोणाला देऊ नका. त्याचा दाब तुमच्याइतकाच असला तरी त्याला दमा असू शकतो.

पुढच्या तपासण्या

नवी बाटली सुरू केल्यावर साधारण चार ते सहा आठवड्यांत दाब पुन्हा मोजायला बोलावतात. त्या दिवशीही वेगळं काही सांगितलं नसेल तर थेंब नेहमीच्या वेळी टाकूनच जा, कारण औषध चालू असतानाचाच दाब पाहायचा असतो. किती वाजता टाकला तेही सांगा. दाब दिवसभर वर-खाली होत असतो, त्यामुळे एका भेटीतल्या आकड्याने हुरळून किंवा घाबरून जाऊ नका. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, म्हणजे कॉर्नियाची, जाडीही एकदा मोजतात. पडदा पातळ असेल तर यंत्रावरचा आकडा खऱ्या दाबापेक्षा कमी येतो. आणि नुसता दाब चांगला आला म्हणून पुरत नाही. कडेची नजर तपासणारी व्हिज्युअल फील्ड चाचणी आणि मज्जातंतूच्या थराची जाडी मोजणारं ओसीटी ठरलेल्या वेळी करून घ्या, कारण डोळा टिकतोय की नाही हे त्यातूनच कळतं. आधीचे सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये लावून ठेवा. आजचा रिपोर्ट दोन वर्षांपूर्वीच्या रिपोर्टशेजारी ठेवल्याशिवाय फरक दिसत नाही.

प्रत्येक भेटीला बाटली बरोबर न्या, आणि वर्षातून एकदा तरी तिथल्या कोणासमोर थेंब टाकून दाखवा. मान कमी वळणं, बाटलीचं टोक पापणीला टेकणं, कोपरा दाबायचा राहून जाणं, असल्या सवयी नकळत जडतात आणि समोरच्याला त्या लगेच दिसतात.